ड्युअल-स्पोर्ट गाडी परवडते. तिच्यावरचे डबे परवडत नाहीत

प्रश्न असा आहे: साताऱ्यात राहतो, पगार हातात अडतीस हजार येतो, घरी एक १२५ची गाडी आहे. ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरावर आणि मातीतही चालणारी उंच गाडी, घ्यायचं दोन वर्षांपासून डोक्यात आहे. बायको म्हणते त्यापेक्षा स्कूटर घ्या. ही गाडी आपल्यासारख्याला परवडते का, आणि तिच्यात खरंच मजा असते की व्हिडिओ बघून चढलेलं खूळ आहे?

मी भोरला गॅरेज चालवतो, एकोणीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं रविवारी असल्याच गाडीवर फिरतोय. आधी हिरोची सेकंडहँड इम्पल्स होती, आता हिरोचीच एक्सपल्स आहे. त्यामुळे थोडं लांबेल, पण सगळं सांगतो.

वहिनींचं आधी. घरात स्कूटरची गरज खरी असेल, म्हणजे मुलांना शाळेत सोडणं, बाजार, आईला दवाखान्यात नेणं, तर आधी स्कूटर घ्या. ड्युअल-स्पोर्टवर मागे बसणं हा काही फार सुखाचा प्रकार नाही. सीट उंच, साडी नेसून चढायला तर शिडीच हवी. ही गाडी घरातली दुसरी गाडी म्हणून शोभते. घरातली एकुलती एक गाडी म्हणून घेतली की रोज कुणीतरी कुरकुरणार.

आता गाडी म्हणजे नेमकं काय ते. पासिंग आहे, नंबरप्लेट आहे, रस्त्यावर पोलीस अडवत नाही, आणि रस्ता संपला तरी ती थांबत नाही. पुढचं चाक मोठं, बहुतेक २१ इंची, म्हणजे दगडावर अडकण्याऐवजी चढून जातं. शॉकअप लांब, इंजिन जमिनीपासून उंच, रिंगा तारेच्या. आपल्याकडे हिरोने २०११ साली इम्पल्स आणली तेव्हा लोकांनी दीडशे सीसीला एवढे पैसे कशाला म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली. २०१६ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि लोकांना उंच गाडी आवडू लागली. मग २०१९ला एक्सपल्स २०० आली, तेव्हा कार्ब्युरेटरचं मॉडेल शोरूम किमतीत लाखाच्या आत होतं. माझ्या मते तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी हा धंदा तिथून सुरू झाला.

हिमालयन की एक्सपल्स हे भांडण माझ्या गॅरेजात रोज होतं. मी एकच आकडा सांगतो. जुनी ४११ची हिमालयन भरल्या टाकीसह १९९ किलो, एक्सपल्स १५८च्या आसपास. मधला फरक म्हणजे गव्हाचं जवळजवळ एक पोतं. डांबरावर ते पोतं जाणवत नाही. ओढ्यात गाडी आडवी झाली आणि तुम्ही एकटे असलात की मग जाणवतं.

सरकारी हिशोबही लहान इंजिनाच्या बाजूचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. थर्ड पार्टी विम्याचं पण तसंच: २०२२ साली ठरलेल्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, ३५०च्या वर २,८०४. वर कर वेगळा. मोठी गाडी शोरूममध्ये एकदाच महाग पडते असं नाही, ती दरवर्षी थोडी थोडी महाग पडत राहते.

आता तुमच्या पगारात बसवून बघू. नवी घेऊ नका. नवी दोनशे सीसीची गाडी रस्त्यावर येईपर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास जाते, त्यावर कर्ज, आणि मुख्य म्हणजे नवी गाडी आपल्याला पाडवत नाही. हप्ते चालू असलेली गाडी मातीत घालताना माणसाचा हात आखडतो आणि आखडलेल्या हाताने चालवलं की हमखास पडतो. २०१९ ते २१ची चांगली एक्सपल्स आमच्या पट्ट्यात ऐंशी-पंच्याऐंशी हजारांत मिळते. पंच्याऐंशी धरा. त्यावर सुरुवातीचं काम आठ-दहा हजारांचं: चेनसॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं), ब्रेकपॅड, केबली, ऑइल, एखादा बेअरिंग. आणि अंगावरच्या वस्तूंना वीस हजार, त्याबद्दल पुढे बोलतो.

चालवायचा खर्च मी वहीत लिहून ठेवतो, सवय आहे. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ॲव्हरेज ३६ धरलं तर किलोमीटरला दोन रुपये नव्वद पैसे. मागचा टायर चार हजारांचा, तो माझ्या चालवण्यात दहा हजार किलोमीटर जातो, म्हणजे चाळीस पैसे. पुढचा वीस पैसे. चेनसॉकेट सतरा-अठरा पैसे. दर तीन हजाराला ऑइल, फिल्टर आणि किरकोळ काम मिळून दीड हजार, ते पन्नास पैसे. बेरीज चार रुपये वीस पैशांच्या आत. रविवारी १२० किलोमीटर फिरलात तर पाचशे रुपये. महिन्याचे चार रविवार, दोन हजार.

गाडीची घट वेगळी. पंच्याऐंशीला घेतलेली चार वर्षांनी पंचावन्न-साठला जाते, म्हणजे महिन्याला सहाशेच्या आसपास. विमा महिन्याला सव्वाशे-दीडशे. वर्षातून दोनदा लिव्हर मोडेल, आरसा फुटेल, एखादा इंडिकेटर जाईल. सगळं धरून महिन्याला तीन हजार. पगाराच्या आठ टक्के. हे तुम्हाला परवडतं की नाही ते तुम्ही आणि वहिनी ठरवा, मला विचाराल तर दर शनिवारी हॉटेलात जाणारं कुटुंब याहून जास्त घालवतं.

पण हा हिशोब फसतो कुठे ते मी स्वतः फसून शिकलोय.

इम्पल्सवर वर्षभर फिरलो आणि मग मला लडाख चावलं. गेलो नाही कधी, नुसतं चावलं. दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, मागे तिसरा, क्रॅश गार्ड, जाडजूड स्टँड, चार फॉगलाइट, मोबाइलचा होल्डर. एकूण बेचाळीस हजार गेले. गाडी घेतली होती त्याहून थोडेच कमी. मी गॅरेजवाला, मला मजुरी नव्हती, तरी एवढे. गाडी पंचवीस-तीस किलोने जड झाली. दिसायला मात्र काय दिसायची! चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, कुठून आलात? मी म्हणायचो, भोरवरून. टपरी भोरमध्येच होती.

जुलैमध्ये नीरा देवघरच्या बॅकवॉटरच्या वरच्या अंगाला एक ओढा ओलांडत होतो. गुडघ्याइतकं पाणी, खाली गोल गोटे. पुढचं चाक एका गोट्यावरून सटकलं, गाडी डाव्या अंगावर पडली, डबा दोन दगडांत अडकला आणि माझा घोटा डब्याखाली. दुखापत फार झाली नाही, पण गाडी काही केल्या उचलेना. डब्यात पाणी शिरत होतं, ती मिनिटामिनिटाला जड होत होती. वीस मिनिटं तिथे कंबरभर भिजत उभा होतो. म्हशी राखणारी दोन पोरं आली, सातवी-आठवीतली. त्यांनी आधी डबा काढायला लावला. मग आम्ही तिघांनी मिळून गाडी उभी केली. धाकटा म्हणाला, "काका, ह्यात काय होतं एवढं?" डबा उघडला तर एक रेनकोट, एक पाण्याची बाटली आणि अर्धा पुडा पार्ले. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

त्या महिन्यात सगळं सामान विकलं, सोळा हजार आले. तेव्हापासून गाडीवर तीनच गोष्टी: हँडगार्ड, इंजिनखालची प्लेट, मागे बांधायला एक छोटी बॅग. हँडगार्ड मात्र आत लोखंडी पट्टी असलेलाच घ्या. नुसता प्लॅस्टिकचा वारा अडवतो, लिव्हर वाचवत नाही.

बाकीचे पैसे अंगावर घाला. हेल्मेट आयएसआयचं आणि डोक्याला घट्ट बसणारं. गुडघ्याचे पॅड. आणि बूट, हे सगळ्यात महत्त्वाचं. मातीत गाडी हळू पडते, पण पडते ती बहुतेक पायावर, आणि घोटा हा माणसाच्या शरीरातला फार उगाच गुंतागुंतीचा भाग आहे. गिऱ्हाईक विचारतात, शेतीच्या दुकानातले गमबूट चालतील का? चिखलाला चालतील. घोट्याला नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा खालून घासलेली प्लेट, ओरखडे, वाकलेला ब्रेकपेडल बघून घाबरू नका; पडलेली गाडी खराब असतेच असं नाही. मी आधी साइडचं झाकण काढून एअर फिल्टर बाहेर घेतो आणि फिल्टरच्या मागच्या बाजूला, इंजिनकडे जाणाऱ्या तोंडात, बोट फिरवतो. बोटाला बारीक माती लागली की गाडी कितीही चकचकीत असली तरी परत निघायचं. ती माती आत सिलिंडर घासत असते. माझ्याच एका गाडीत एका दुकानातून आणलेला स्वस्त नकली फिल्टर बसवला होता, कडेने हवा ओढत होता. चार महिन्यांत पिस्टनचं काम निघालं. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये कुठे खट्ट करून थांबल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. मागचं चाक धरून आडवं हलवा, चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश कळतात. चाक फिरवून बघा रिंग लचकते का, आणि तारांवरून स्क्रूड्रायव्हर फिरवा. सैल तार बद्द वाजते. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाचं रिंगण असेल तर सील, ते काम मोठं नाही, किंमत कमी करून घ्या. कागदांत आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का आणि चलनं थकलीत का, एवढं मोबाइलवर दिसतं.

उंचीचं म्हणाल तर मी पाच फूट पाच इंच आहे. एक्सपल्सची सीट ८२३ मिलिमीटर, दोन्ही पाय टेकत नाहीत. टेकायची गरजही नसते. थांबताना एका बाजूला सरकायचं, एकच पाय पूर्ण टेकवायचा. आठवड्यात सवय होते. प्रो म्हणून येते तिची सीट ८९१ आहे, तिच्या वाटेला मात्र आपण जायचं नाही. आणि तुमचे साताऱ्याचे लोक खांबाटकी घाटावरून पुण्याला रोज ये-जा करायला ही गाडी घेणार असतील तर त्यांना आवरा. नव्वदपर्यंत ती आनंदाने जाते, त्यावर दमते, आणि ट्रकच्या वाऱ्याने उंच गाडी हलते. हायवे ही तिची जागा नव्हे.

मग तिची जागा कुठली? इथे मजेचा भाग येतो.

लोकांना वाटतं हिमालयात जावं लागतं. तुम्ही तुमच्या तालुक्याच्या कुठल्याही गावचा गाव नकाशा बघा, तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखला मिळतो. त्यात दुहेरी तुटक रेघा असतात त्या गाडीवाटा, एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर काही ठिकाणीच जातो, पण या पाणंदी अजून आहेत. दोन्ही बाजूंनी निवडुंग नाहीतर करंजाची रांग, मध्ये मुरूम, कुठे ओढा आडवा. काही गावांत शासनाच्या पाणंद योजनेतून खडी पडली, काही ठिकाणी शेजाऱ्याने बांध पुढे सरकवून वाट गिळली. मी भोरपासून तीस किलोमीटरच्या आत अकरा वर्षं फिरतोय आणि अजून संपलं नाही. आंबवड्याच्या झुलत्या पुलापर्यंत डांबर, मग कोर्ल्याकडे, रायरेश्वराच्या पायथ्याला चहा, आणि परत येताना डांबर सोडून वाड्यावस्त्यांमधून. सत्तर किलोमीटर, पाच तास. तुम्हाला साताऱ्यात तर याहून चांगलं आहे.

वेग असतो वीस-पंचवीसचा. हे व्हिडिओत दिसत नाही, कारण वीसच्या वेगाचं कुणी बघत नाही. फुटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे थोडे वाकवलेले, टाकी पोटऱ्यांनी हलकी धरलेली, हँडल सैल. सुरुवातीला माणूस हँडल आवळतो, जसं काही ते निसटणार आहे. खरं तर पुढच्या चाकाला थोडं इकडेतिकडे जाऊ द्यायचं असतं, ते आपली वाट शोधतं. सैल मुरमावर ते डगमगलं की नवखा ब्रेक मारतो आणि आडवा होतो. तिथे किंचित पेट्रोल द्यायचं, गाडी आपोआप सरळ होते. हे वाचून कळत नाही. पायाखाली एकदा घडलं की मात्र अंगात एक शहारा येतो, आणि मला वाटतं मी पैसे त्या शहाऱ्याचे भरतो.

हवेचंही थोडं आहे. मातीत निघताना टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास आणली की पकड फार सुधारते. पण चाकं ट्यूबची आहेत, फार कमी केली तर दगडावर रिंग आणि टायरमध्ये ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. छोटा पंप जवळ ठेवा, डांबर लागलं की परत भरा.

उचलायचं तंत्र घरीच शिका, अंगणात जुनी गोधडी टाकून. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. गाडीकडे पाठ करून, कुल्ला सीटला लावून खाली बसायचं, एका हातात हँडल, दुसऱ्यात मागची पकड, आणि पाठीने नाही तर मांड्यांनी, छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइडस्टँड उघडून ठेवा, नाहीतर उभी करता करता पलीकडे पडते. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिका, वजन पन्नास किलो, त्यांना हे दुसऱ्याच प्रयत्नात जमलं. त्यांच्या मिस्टरांना अजून जमलेलं नाही.

एक बजावून सांगतो. पठारावर, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, चाक घालायचं नाही. कास तुमच्या दारात आहे, २०१२ला पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात गेलं ते. सड्यावरची माती बोटभर जाड असते, फुलांचं सगळं आयुष्य त्यात. एका गाडीचा चर पुढची कित्येक वर्षं दिसतो. जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही, पेरलेल्या रानात नाही, आणि सायलेन्सर मोकळा करून वाडीतून तर मुळीच नाही. गेल्या पाच-सात वर्षांत आमच्याकडे दोन वाड्यांनी वाटेत काटेरी फांद्या टाकून ठेवायला सुरुवात केली. चूक त्यांची नाही. वाडी आली की मी बसून, हळू, कुत्र्यालाही वाट देत जातो. मागे एकदा केळदच्या बाजूला अशाच एका वाडीच्या टोकाला पोचलो तर ओट्यावर आजी तांदूळ निवडत होत्या.

"पोरा, रस्ता संपला रे हितं."

"म्हणूनच आलो, आजी."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग घरात वळून म्हणाल्या, "आगं, च्या ठेव. ह्यो वाट चुकलाय, पण कबूल करंना."

तर तुमच्यासाठी माझा सल्ला असा. लगेच काही घेऊ नका. आहे त्या १२५वर सलग तीन रविवार जवळची एखादी पाणंद धरा. हळू चालवा, उभं राहून बघा. गाडी खालून घासेल, पाठ भरेल, एकदा तरी पडाल. तिसऱ्या रविवारी सकाळी गजराच्या आधी जाग आली तर पंच्याऐंशी हजार जमवायला लागा. नाही आली तर स्कूटर घ्या, घरातही शांतता राहील.

आणि घेतलीत तर पहिल्याच दिवशी २१ इंची एक जादा ट्यूब बॅगेत टाका. गावच्या पंक्चरवाल्याकडे १७ आणि १८ची मिळते, २१ची मिळत नाही. वेळ पडली तर २१ची मागच्या अठराच्या चाकातही घडी करून घरापर्यंत जाते, अठराची मात्र पुढे बसत नाही. माझ्याकडे गॅरेजात दोन-तीन नेहमी असतात. पण तुमचं पंक्चर रविवारी होणार, आणि रविवारी मी गॅरेजात नसतो.